गाठीची भूक

“आज डोस सगळा गेला ना?” डॉ. केळकरांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

“हो सर. सिरिंजमध्ये उरलेला पण मोजलाय.”

“शुगर किती होती?”

“अठ्ठ्याण्णव.”

“आणि मागच्या खेपेला?”

मी जुनं शीट काढलं. “एकशे चार. तेव्हा इंजेक्शननंतर साठ मिनिटांनी स्कॅन घेतला होता, आज बासष्ट मिनिटांनी. वजन तीन किलो उतरलंय, ते मशीनमध्ये नवीन टाकलंय.”

“मग हे असं का?” ते म्हणाले. मला विचारलेलं नव्हतं ते. स्वतःशीच पुटपुटल्यासारखं होतं.

स्क्रीनवर एकाच बाईंचे दोन स्कॅन शेजारी शेजारी लावलेले होते. डावीकडचा केमोथेरपी सुरू व्हायच्या आधीचा. उजवीकडचा त्याच दिवशी सकाळचा, दोन केमो झाल्यानंतरचा. दोन्हींत डाव्या स्तनातली गाठ काळीकुट्ट दिसत होती. पहिल्यात मशीनने काढलेला तिचा आकडा सात पॉइंट दोन होता, दुसऱ्यात सहा पॉइंट आठ. हा फरक धरण्यासारखा नव्हता. बाईंनी दोन केमो घेतल्या, केस गेले, तोंड आलं, अंग गळून गेलं, आणि गाठीला त्याचं काहीच नाही, असा त्याचा अर्थ.

मी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे. अंधेरीच्या एका सेंटरमध्ये पेट-सीटी स्कॅन करते, अठरा वर्षं झाली. डॉ. केळकर आमचे न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर. स्कॅन मी करते, तो वाचून रिपोर्ट ते देतात.

पेट स्कॅन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेशंटला आम्ही उपाशीपोटी बोलावतो. शिरेतून एफडीजी नावाचं औषध देतो. ही एक प्रकारची साखरच, फक्त तिला किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. मग पेशंटला तासभर शांत बसवतो, बोलू पण देत नाही. शरीरात ज्या पेशी जास्त साखर खातात त्या ही साखरही ओढून घेतात, पण ती त्यांना पचवता येत नाही. ती तिथेच अडकून पडते, आणि तिच्यातून निघणारे किरण मशीन टिपतं. कॅन्सरच्या पेशी साखरेला फार हावऱ्या असतात, म्हणून गाठ काळी उठून दिसते. मेंदूही दिसतो, त्याचीही भूक मोठी. लिव्हर म्हणजे यकृत मध्यम.

केमो लागू पडली की गाठ आकाराने आटायला वेळ लागतो. पण तिची भूक आधी कमी होते, दोन-तीन आठवड्यांतसुद्धा. म्हणून काही डॉक्टर एक-दोन केमोनंतर पुन्हा स्कॅन मागवतात. औषध लागू पडतंय की नाही ते लवकर कळतं. नसेल लागू पडत तर उगाच तेच विष अंगात घालत राहायला नको.

या बाईंचं नाव दमयंती तांडेल. खारदांड्याच्या. वय बावन्न. लग्न झाल्यापासून मासळी विकत आलेल्या. सोबत सून प्राची होती. पेट स्कॅननंतर काही तास पेशंटच्या अंगातून थोडे किरण बाहेर पडत राहतात, म्हणून लहान मुलांपासून लांब राहा असं आम्ही सांगतो. घरी दोन वर्षांचा नातू. त्यामुळे स्कॅन आटपला तरी दमयंती मावशी घरी गेल्या नव्हत्या. पेशंटना स्कॅननंतर बसवायची आमची वेगळी खोली आहे, तिथे त्या थांबल्या होत्या. संध्याकाळी रिपोर्ट हातात घेऊनच निघायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

केळकर सरांनी इंटरकॉम उचलला आणि स्पीकरवर टाकला. खालच्या मजल्यावर सोनोग्राफी आहे, तिथे डॉ. रेगे मॅडम बसतात. सकाळी इंजेक्शनच्या आधी मावशींची सोनोग्राफी त्यांच्याकडे झाली होती.

“रेगे, तांडेल बाईंची गाठ काय म्हणते?”

“साइज जवळपास तेवढाच आहे. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक. पण डॉपलर एकदम वेगळा आलाय.”

“वेगळा म्हणजे कसा?”

“मागे आत नुसता रंगांचा सडा पडला होता. आज एक-दोन ठिपके. फ्लो जवळजवळ गेलाय. मला तर बघून बरं वाटलं.”

डॉपलर म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह बघण्याची सोय. रक्त वाहत असेल तिथे लाल-निळा रंग दिसतो. गाठ वाढायला लागली की स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. घाईघाईत टाकलेल्या पाइपलाइनसारख्या त्या असतात, वाकड्यातिकड्या आणि गळक्या. केमोने पेशी मरायला लागल्या की रक्ताची मागणी घटते. शिवाय त्या कच्च्या रक्तवाहिन्यांनाही औषधाचा मार बसतो. रंग कमी दिसणं ही म्हणजे चांगलीच बातमी.

केळकर सरांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा मात्र आणखी उतरला.

“सर, हे चांगलं ना?” मी विचारलं.

“एकटं असतं तर चांगलं.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “बघ, रक्त कमी झालं आणि भूकही कमी झाली, तर गाठ मरतेय. पण रक्त कमी झालं आणि भूक तेवढीच राहिली तर? ऑक्सिजन पोचत नाही तरी ती साखर खातेच आहे. म्हणजे ऑक्सिजनशिवाय भागवायला शिकली. तसं भागवलं की साखरेतून ऊर्जा अगदी थोडी मिळते, म्हणून ती उलट जास्त खाते. अशा गाठी चिवट असतात. आणि रक्तच आत जात नसेल तर पुढचं औषध तरी कसं जाणार?”

 अठरा वर्षांत मी वाईट रिपोर्ट पुष्कळ पाहिलेत. पण चांगली वाटणारी गोष्ट अशी वाईट होऊन बसते, ते क्वचित.

त्यांनी डॉ. शहांना फोन लावला. हे मावशींचे कॅन्सरचे डॉक्टर. घाटकोपरचे, गुजराती, पण मराठी फर्डं बोलतात. केळकर सरांबरोबर शिकलेले, त्यामुळे दोघांत अरे-तुरे.

“नो रिस्पॉन्स?” शहा म्हणाले. “पक्कं?”

“आकडा तेच सांगतोय. सोनोवर फ्लो कमी झालाय, पण गाठ साखर तेवढीच ओढतेय.”

“मग तर वाटच लागली. उद्या तिची तिसरी केमो आहे, केळकर. लागू पडत नाही तर तीच औषधं मी परत का देऊ? चेंज करतो. नाहीतर सरळ ऑपरेशनला पाठवतो. गाठ लहान करून ब्रेस्ट वाचवायचा प्लॅन होता, तो मग गेला. पूर्ण काढावा लागेल.”

“रिपोर्ट पाचपर्यंत देतो.”

“दे. मी त्यांना आजच बोलावून घेतो.”

मी दुसऱ्या पेशंटचा स्कॅन लावला आणि मधल्या वेळात मावशींना बघायला गेले. त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. डोक्याला फुलाफुलांचा स्कार्फ. प्राचीने डब्यातून आणलेला भात अर्धा संपवला होता.

“बाय, काय बोलतंय माजा फोटो?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर बघतायत अजून, मावशी.”

“उपेग होत नसंल तर सरळ सांगाचा हां. लपवाचा नाय.” त्यांनी डबा बंद केला. “मी प्राचीला बोल्लेय. अजून दोन काय, चार घेवाची ताकद हाय माज्यात. पन फुकट नाय घेनार. गुन येत नसंल तर मी घरी बसंन. दुसरा औषध नको आनि कापाकापी बी नको.”

प्राची दाराबाहेर बेंचवर होती. मी बाहेर आल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, त्या खरंच थांबवतील. घरात कोणाचं ऐकत नाहीत. पहिल्या केमोलाच किती समजावून आणलंय मी, मला माहीत.”

मी मान हलवली.  रिपोर्ट सांगायचा अधिकार मला नाही, आणि मला जो माहीत होता तो तिला नकोच होता.

परत येऊन मी रिपोर्टला जोडायच्या इमेजेस करायला बसले. हे माझं रोजचं काम. दोन स्कॅन शेजारी ठेवून छापायचे असले की दोघांची स्केल एक करावी लागते. कॉम्प्युटर प्रत्येक स्कॅन आपापल्या परीने नीट दिसेल असा उजळून दाखवतो. मी ती आपोआपची सोय बंद केली आणि दोन्ही एकाच स्केलवर आणले.

पहिला स्कॅन एकदम फिका पडला.

गाठ तेवढीच काळी, बाकी सगळंच फिकं. लिव्हर फिकं, मणके फिके, मेंदूचा जो थोडा भाग येतो तोही फिका. जणू त्या दिवशी गाठ सोडून सगळ्या शरीराची भूकच कमी होती. मला वाटलं डोस कमी दिला असेल. शीट बघितलं. डोस तेवढाच होता. मग मी लिव्हरवर एक गोल काढला आणि मशीनला आकडा विचारला. नव्या स्कॅनमध्ये दोन पॉइंट दोन. जुन्यात एक पॉइंट तीन.

एखाद्या माणसाचं लिव्हर साधारण दर वेळी तेवढीच साखर घेतं. थोडं इकडेतिकडे होतं, पण इतकं नाही. केमोने ते वाढायचंही काही कारण नव्हतं.

आता हा आकडा कसा येतो ते सांगते. मशीन एखाद्या जागी किती किरण आहेत ते मोजतं, आणि पेशंटच्या वजनाच्या दर किलोमागे आपण किती डोस दिला याने त्याला भाग देतं. डोस किती दिला हे मशीनला कसं कळतं? आम्ही टाइप करतो म्हणून. दिलेला सगळा डोस रक्तात गेलाय असं ते धरून चालतं. तो सगळा रक्तात गेला नसेल तर भागाकार चुकतो आणि शरीरातला प्रत्येक आकडा खरा असतो त्यापेक्षा लहान निघतो. गाठीचासुद्धा.

डोस सिरिंजमधून गेला होता, ते शीटवर होतं. मग शिरेबाहेर गेला असेल. कधी कधी सुई शिरेतून किंचित सरकते आणि औषध शिरेत न जाता बाजूच्या मांसात जातं. आम्ही म्हणतो, डोस आउट गेला. तिथून ते हळूहळू झिरपत रक्तात येतं, पण स्कॅनच्या वेळेपर्यंत सगळं येत नाही.

मी शीटचा खालचा भाग बघितला. इंजेक्शन: उजवा हात, कोपराजवळ. साइट ओके, म्हणजे सुईची जागा ठीक: बरोबरची खूण. टेक्नॉलॉजिस्ट: व्ही. जी.

व्ही. जी. म्हणजे वैशाली घाडी. म्हणजे मी.

आमच्याकडे कोणाची शीर मिळत नसली की मला बोलावतात. नवीन आलेल्यांना सुई लावायला मी शिकवते. हे मला त्या क्षणी नको असताना आठवलं.

मी उठले आणि परत मावशींकडे गेले.

“मावशी, पहिल्या वेळी मी सुई दिली होती ना, या हाताला. तेव्हा काही झालं होतं का?”

त्यांनी हात पुढे केला, जणू अजून खूण असेल. “झोंबलेला.”

“खूप?”

“बराच. आनि घरी गेल्यावर ह्या इकडं फुगलेला. मी बरफ लावला. बरफ काय, आमच्याकडं हायेच. दोन दिवसांत उतरला.”

“मग मला सांगितलं का नाही तेव्हा?”

“बोल्ले ना तुला. झोंबतंय बोल्ले.” त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. आवाजात तक्रार अजिबात नव्हती. “तू बोल्लीस, होतं असं मावशी, झालंच.”

मला ते आठवत नाही. आजही आठवत नाही. पण मी तसं म्हणाले असणार याची मला खात्री आहे, कारण मी ते दिवसातून दहा वेळा म्हणते. वर्षानुवर्षं बर्फाच्या पाण्यात आणि मासळीच्या काट्यांत हात घातलेली बाई. ती जेव्हा झोंबतंय म्हणते तेव्हा ते किती असेल, हे मला कळायला हवं होतं.

मावशींच्या खोलीपासून केळकर सरांच्या खोलीपर्यंत छोटासा कॉरिडॉर आहे. खरं सांगायचं तर त्या कॉरिडॉरमध्ये मी थांबले. शीटवर खूण माझी होती. लिव्हरचा आकडा कोणी काढलेला नव्हता. रिपोर्ट अजून गेला नव्हता, पण तो तसाच गेला असता तर कोणाला काही कळलं नसतं. मावशींना नवीन औषध मिळालं असतं, किंवा त्या घरी बसल्या असत्या, आणि पुढे काय झालं ते आजाराच्या नावावर गेलं असतं. हे सगळं डोक्यात यायला फार वेळ लागला नाही. मी दार ढकललं.

“सर, पहिला स्कॅन बरोबर नाहीये.”

“काय झालं?”

“लिव्हर एक पॉइंट तीन आहे. आज दोन पॉइंट दोन. तेव्हाचा डोस आउट गेलाय बहुतेक. मावशी म्हणतायत झोंबलं होतं, घरी जाऊन हातही सुजला होता.”

“इंजेक्शन कोणी दिलं होतं?”

“मी.”

त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. मग म्हणाले, “बस. मूळ डेटा उघड.”

रिपोर्टमध्ये जी इमेज जाते ती कडेने कापलेली असते. स्कॅन करताना पेशंट हात डोक्यावर घेऊन झोपतो, त्यामुळे कोपर अगदी फ्रेमच्या काठावर येतं आणि छापताना ते कापलं जातं. ते कोणाला बघायचं नसतंच. मी न कापलेला डेटा उघडला आणि वरच्या बाजूला उजव्या हाताच्या दिशेने सरकवत गेले.

काठावर, कोपराच्या आतल्या बाजूला, एक जाड काळा पट्टा होता. अर्धा फ्रेमच्या बाहेर गेलेला. सगळ्या शरीरात त्याच्याइतकं काळं काहीच नव्हतं.

“ही बघ तुझी साखर,” केळकर सर म्हणाले.

मग ते पुढे झुकले. पहिल्या स्कॅनमध्ये उजव्या काखेत एक बारीक ठिपका दिसला होता. गाठ डाव्या बाजूची आणि ठिपका उजव्या काखेत, म्हणजे आजार पलीकडच्या बाजूलाही पसरला की काय, अशी शंका तेव्हा होती. सरांनीच रिपोर्टमध्ये ‘लक्ष ठेवावे’ असं लिहिलं होतं. आजच्या स्कॅनमध्ये तो ठिपका नव्हता.

“सकाळपासून मी हाच विचार करतोय,” ते म्हणाले. “केमोने काखेतला ठिपका पूर्ण गेला आणि मूळ गाठीला काहीच झालं नाही, हे कसं काय? अगं, तो आजार नव्हताच. मांसात सांडलेलं औषध लिम्फच्या नळ्यांतून वर चढतं आणि काखेतल्या लिम्फच्या साध्या गाठीत जमा होतं. इंजेक्शन उजव्या हाताला, म्हणून ठिपका उजव्या काखेत.”

“म्हणजे तो पसरलेला नव्हता.”

“नव्हता.”

त्यांनी कागद ओढला. “आता आकडे जसेच्या तसे नको धरूया. लिव्हरला माप धरू. त्या स्कॅनमध्ये गाठ आणि लिव्हर, दोघांचाही भागाकार एकाच चुकीने बिघडलाय, त्यामुळे गाठीला लिव्हरने भागलं की चूक निघून जाईल. पहिल्यात सात पॉइंट दोन भागिले एक पॉइंट तीन.”

“साडेपाच.”

“आज?”

“सहा पॉइंट आठ भागिले दोन पॉइंट दोन. तीनच्या थोडं वर.”

“साडेपाच पटीवरून तीन पटीवर. भूक चाळीस टक्क्यांहून जास्त उतरलीये.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “रेगेचा डॉपलर बरोबर होता. रक्तही कमी झालंय आणि भूकही. दोन्ही एकाच दिशेने चाललंय. गाठ मरतेय, वैशाली.”

मी दोन्ही भागाकार कागदावर पुन्हा करून बघितले. 

“सॉरी, सर.”

“तुझं आहेच. पण लिव्हर मी पण बघायला हवं होतं. मी गाठीचा आकडा वाचला आणि पुढे गेलो. रिपोर्टवर सही माझी असते.” त्यांनी फोन उचलला. “शहाला मी सांगतो. बाईंना तू सांग. मी येतो बरोबर.”

डॉ. शहांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “केळकर, मी नवीन औषधांचा प्रोटोकॉल लिहून ठेवलाय रे इथे. फार्मसीला सांगून झालं.”

“रद्द कर.”

“करतो. पण मला हे लेखी दे. पहिल्या स्कॅनचा सुधारित रिपोर्ट पण दे. आणि तुझ्या टेक्नॉलॉजिस्टला सांग, आज सांगितलं ते बरं केलं. उद्या सांगितलं असतं तर मी फार वेगळं बोललो असतो.”

आम्ही दोघं मावशींच्या खोलीत गेलो. प्राचीला दाराशी बोलावलं. केळकर सरांनी आधी मुख्य गोष्ट सांगितली, औषध लागू पडतंय, उद्या तीच केमो घ्यायची. मग माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. पहिल्या वेळी माझ्याकडून औषध शिरेबाहेर गेलं. त्यामुळे पहिला स्कॅन चुकीचा आला, आणि आज सकाळपासून आम्ही चुकीच्या रिपोर्टवर विचार करत होतो. तुम्ही झोंबतंय म्हणालात तेव्हा मी थांबायला हवं होतं.

 प्राचीचा चेहरा बदलला.

“म्हणजे पहिला रिपोर्ट चुकीचा होता,” ती म्हणाली. “मग आजचा बरोबर आहे कशावरून? तो पण तुम्हीच केलाय ना?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला स्क्रीनपाशी नेलं. आजच्या स्कॅनचा न कापलेला डेटा उघडून कोपर दाखवलं, तिथे काहीच नव्हतं. जुन्यातला काळा पट्टा दाखवला. लिव्हरचे दोन आकडे दाखवले. खालच्या मजल्यावरच्या सोनोग्राफीतही गाठीचं रक्त कमी झालंय, आणि ती तपासणी माझ्या सुईवर अवलंबून नाही, हेही सांगितलं. ती बारकाईने बघत होती. बँकेत काम करते, आकड्यांना घाबरत नाही. शेवटी म्हणाली, “आणि तो उजव्या बाजूचा ठिपका? त्यावरून आम्ही महिनाभर झोपलो नाही.”

“तो माझ्या इंजेक्शनमुळे दिसला होता,” मी म्हणाले. “आजार नव्हता.”

तिने डोळे पुसले. रागाने की बरं वाटून, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

आम्ही परत आलो तेव्हा मावशी चप्पल घालून तयार होत्या. केळकर सर त्यांच्याशी बोलत उभे होते.

“म्हंजे मरतंय ना तो?” मावशींनी मला विचारलं.

“मरतंय, मावशी.”

“मग झाला तर.” त्यांनी पिशवी उचलली. “डॉक्टर, अजून कवड्या राहिल्या केमो?”

“सहा.”

“घेतंय,” त्या म्हणाल्या आणि प्राचीला म्हणाल्या, “चल, पोराची उठायची वेळ झाली. लांबून तरी बघंन.”

दुसऱ्या दिवशी त्यांना ठरलेलीच तिसरी केमो मिळाली. मी त्या दिवशी घडलेल्या प्रकाराचा रिपोर्ट लिहिला. सेंटरच्या मॅनेजर मॅडमनी तो वाचून विचारलं, “नाव घालायलाच हवं का, वैशाली? नुसतं स्टाफ लिहिलं तरी चालेल.” मी म्हटलं, शीटवर माझी सही आहे, इथे लपवून काय करू. त्यांनी फाइलला लावला. चौकशी झाली, ती तासाभरात संपली. मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं, जे ट्रेनिंग एरवी मीच देते. मी मागच्या बाकावर बसून सगळं लिहून घेतलं. दोन गोष्टी खरंच नव्या कळल्या.

मावशींच्या सगळ्या केमो झाल्या. चौथ्यानंतर गाठ हाताला लहान लागायला लागली. शेवटी ऑपरेशनमध्ये गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भागच काढावा लागला. पॅथॉलॉजीत आत कॅन्सरच्या पेशी तुरळक निघाल्या. मग रेडिएशन झालं. आता त्या सहा महिन्यांनी डॉ. शहांकडे तपासणीला येतात. अर्धा दिवस मासळी विकायला बसतात, टोपली मात्र उचलत नाहीत, ती प्राचीचा नवरा नेऊन देतो. त्यांना ते पसंत नाही. टोपली उचलू द्या म्हणून डॉ. शहांशी दर वेळी वाद घालतात, असं प्राची सांगत होती.

आमच्याकडे तेव्हापासून तीन बदल झाले. इंजेक्शन दिलेला हात फ्रेममध्ये येईल असा एक जास्तीचा भाग आम्ही प्रत्येक पेशंटचा घेतो, दोन मिनिटं जातात. प्रत्येक रिपोर्टमध्ये लिव्हरचा आकडा छापलेला असतो. आणि शीटवरच्या खुणेच्या चौकटीऐवजी आता एक रिकामी ओळ आहे, पेशंट काय म्हणाला ते लिहायला. बहुतेक वेळा तिथे ‘काही नाही’ असं लिहिलेलं असतं. वर्षात सात-आठ वेळा वेगळं असतं, आणि तेव्हा आम्ही थांबतो. स्कॅन पुढे ढकलला की पेशंट चिडतात. चिडू देतो.

नवीन टेक्नॉलॉजिस्ट आले की मी पहिल्या आठवड्यात त्यांना भागाकार शिकवते. त्यांना वाटतं ही कॉलेजमध्ये झालेली गोष्ट आहे. मी सांगते, आकडा वाचायच्या आधी तो कशाने भागून आलाय ते बघा. भागाकारात वर मशीनने जे मोजलं ते बहुतेक वेळा बरोबर असतं. खाली जे आहे ते आपण टाइप केलेलं असतं.